बाकाबोनच्या बाबांना मराठीत बोलू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जपानी कार्टून आणि मुलांवरचे संस्कार या विषयावर लेख आला होता. त्यावर आलेली वाचकपत्रं मी कात्रणं करून ठेवली आहेत. थोड्याफार फरकाने सगळ्यांचं म्हणणं एकच: ही कार्टून मुलांना उलट बोलायला शिकवतात, मोठ्यांची टिंगल करायला शिकवतात, ती घरात लावूच नयेत. मी पुण्यात 31 वर्षं जपानी शिकवली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी घरी अजून सहा-सात मुलं शिकायला येतात. त्या जोरावर, 'बाकाबोन' या जपानी चित्रकथेची बाजू घेऊन लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, पण जमल्यास पूर्ण छापावं ही विनंती.

पालकांची काळजी मला कळते. 2008 मध्ये आपल्याकडे शिन-चान हे जपानी कार्टून काही काळ बंद केलं होतं, तेव्हाही शिक्षकांच्या खोलीत हीच चर्चा व्हायची. माझी तक्रार मात्र वेगळी आहे. माझा नातू साडेतीन वर्षांचा असताना एकदा मला म्हणाला, "आजी, ये क्या कर रही हो?" मी भाकरी थापत होते. घरात कुणी हिंदी बोलत नाही. हिंदीत डब केलेल्या कार्टूनमधल्या जपानी मुलाच्या तोंडची हिंदी ऐकून तो ती बोलायला लागला होता. जपानी विनोद मराठी मुलापर्यंत पोचतो तो हा असा, वळसा घालून. वाटेत भाषा गळून पडते आणि उरतो तो नुसता आरडाओरडा. मग आपण म्हणतो, यात आरडाओरड्याशिवाय आहे काय?

काय आहे ते सांगण्यासाठी मी शिन-चानच्याही मागे जाते. जपानमध्ये ज्यांना गॅग मांगाचा राजा म्हणतात त्या आकात्सुका फुजिओ यांच्याकडे. गॅग मांगा म्हणजे निव्वळ हसवण्यासाठी काढलेली चित्रकथा. आकात्सुकांची 'ओसोमात्सु-कुन' 1962 मध्ये शोनेन संडे या साप्ताहिकात सुरू झाली. एका घरात सहा जुळे भाऊ, सगळ्यांचे चेहरे तंतोतंत सारखे. याच कथेसाठी त्यांना 1964 सालचा शोगाकुकान मांगा पुरस्कार मिळाला. 1967 मध्ये शोनेन मॅगझिनमध्ये 'तेन्साय बाकाबोन' आली. ही दोन साप्ताहिकं 1959 मध्ये एकाच दिवशी निघालेली आणि एकमेकांची कट्टर प्रतिस्पर्धी. तरी आकात्सुकांनी मध्येच बाकाबोन उचलून संडेत नेला आणि पुढे परत मॅगझिनमध्ये आणला.

ओसोमात्सुमध्ये इयामि नावाचं एक पात्र आहे. पुढे आलेले दात, मिशी, आणि मी फ्रान्सला राहून आलोय ही बढाई. धक्का बसला की हा इसम एक हात डोक्यावर वाकवतो, दुसरा पोटाशी आडवा धरतो, एक पाय उचलून दुसऱ्या गुडघ्याला लावतो, उचललेल्या पायातला मोजा निम्मा लोंबत असतो, आणि तो ओरडतो, "शेऽऽऽ!" साठच्या दशकात जपानातलं शेंबडं पोरसुद्धा फोटो काढताना असंच उभं राहायचं. 1965 च्या डिसेंबरात आलेल्या चित्रपटात खुद्द गोड्झिला उड्या मारत हीच मुद्रा करतो. वर्गात मी ती करून दाखवायचे. साडी नेसून एका पायावर उभं राहणं सोपं नाही, पण पोरांना ती एकदा दिसली की पुढचा सगळा तास जिवंत व्हायचा.

पण माझा जीव आहे तो बाकाबोनवर. बाकाबोन हा गालांवर गोल गोल चक्र्या असलेला, बुद्धीने बेताचा, मनाने निर्मळ मुलगा. त्याचा धाकटा भाऊ हाजिमे पाळण्यातल्या वयातच अचाट हुशार. आई शांत, समजूतदार. आणि बाबा! डोक्याला पीळ घातलेली पट्टी, पोटाला गुंडाळलेला लोकरी पट्टा, आणि मिशी वाटावी असे नाकातून बाहेर आलेले केस. वय वर्षे 41. नाव मुलाचं असलं तरी कथा पुढे बाबांचीच होऊन जाते. ते बाकादा विद्यापीठाचे पदवीधर. 'वासेदा' या नामवंत विद्यापीठाच्या नावावरची ही कोटी आहे, आणि 'बाका दा' म्हणजे 'खुळा आहे'.

इथूनच माझं खरं काम सुरू व्हायचं. 'बाका'ला मराठीत काय म्हणायचं? मूर्ख म्हटलं तर शिवी होते, वेडा म्हटलं तर आजार वाटतो. 'खुळा' या शब्दात मात्र रागही आहे आणि मायाही. आमच्या आजोळी आजी मामाला "अरे खुळ्या" म्हणायची तेव्हा त्याला वाईट वाटायचं नाही. मराठीत 'बाका' शब्द आहेच, बाका प्रसंग म्हणतो तो. वर्गात तो अर्थ घेऊन मुलं हसायची, आणि मी त्यांना हसू द्यायचे. दुसरी अडचण त्याहून गमतीची. जपानी मुलं आईला 'मामा' म्हणतात. बाकाबोनच्या आईला कथेत नाव नाही, ती नुसती 'मामा'. शब्द तसाच ठेवला तर मराठी वाचकाला वाटायचं, या घरात मामा राहायला आलाय आणि तो स्वयंपाक करतोय! मी तिथे 'आई' केलं.

शेजारी रेरेरेचे काका आहेत. हातात खराटा घेऊन दिवसभर दारापुढचा रस्ता झाडायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं, "ओदेकाके देसु का? रेरेरे नो रे." पहिल्या भागाचा अर्थ, "निघालात का?" यात 'कुठे' नाही, हे लक्षात घ्या. जपानमध्ये हा शेजारधर्माचा प्रश्न आहे, उत्तराची कुणाला अपेक्षा नसते. आपल्याकडे बाहेर पडणाऱ्याला "कुठे निघालात?" विचारू नये म्हणतात, कामात विघ्न येतं. म्हणून वाड्यातल्या बायका ओट्यावरून "निघालात का?" एवढंच विचारायच्या. माझ्या आईने हे शंभरदा विचारलेलं मी ऐकलं आहे. इंग्रजी वाटेने गेलात तर हा प्रश्न नुसता बावळटासारखा वाटतो. मराठीत तो शब्दाला शब्द बसतो. आणि मागचं "रेरेरे" तर आपलंच आहे. "निघालात का? रे रे रे!" एवढंच लिहायचं.

या काकांबद्दल आणि बाकाबोनच्या नावाबद्दल जपानमध्ये एक व्युत्पत्ती हौसेने सांगतात. 'भगवान' या संस्कृत शब्दाचं चिनी लिप्यंतर जपानीत 'बागाबोन' होतं, त्याचाच हा बाकाबोन. आणि झाडणारे काका म्हणजे बुद्धाचा शिष्य चूळपन्थक. एक ओळसुद्धा पाठ न होणारा हा भिक्खू. जपानी परंपरेत बुद्ध त्याच्या हाती झाडू देतो आणि झाडता झाडता त्याला ज्ञान होतं. मला स्वतःला ही व्युत्पत्ती पटत नाही. 'बाका' म्हणजे खुळा आणि 'बोन' म्हणजे घरातलं लाडकं बाळ ही साधी फोड पुरे आहे. पण वर्गात एका विद्यार्थिनीने हे ऐकून चूळपन्थकाची गोष्ट आम्हाला सविस्तर सांगितली. तिच्या घरी पाली ग्रंथांचं वाचन होतं आणि तिच्या गोष्टीत झाडूच्या जागी कापडाचा तुकडा होता. एका खोडकर चित्रकथेने त्या दिवशी टोकियो आणि विदर्भातलं एक घर जोडलं. संस्कार म्हणतात ते यापेक्षा वेगळे असतात का, हे पत्रलेखकांनी मला सांगावं.

आता बाबांचं ते वाक्य. प्रसंग कसाही असो, घर मोडो, फजिती होवो, पोलिसाने गोळ्या झाडोत (दोन्ही डोळे एकमेकांना चिकटलेला एक पोलीस या कथेत ऊठसूट पिस्तूल झाडत असतो), बाबा शेवटी म्हणतात, "कोरे दे इइ नो दा." 'कोरे दे' म्हणजे याने, अशाने. 'इइ' म्हणजे चांगलं. आणि 'नो दा' हे शेपूट. परीक्षेला ते व्याकरण म्हणून येतं, मुलं पाठ करतात आणि विसरतात. बाबा मात्र प्रत्येक वाक्याला 'नानोदा' लावतात आणि त्यामुळे ते जे बोलतील ते ब्रह्मवाक्य होतं. मी मुलांना सांगितलं, मराठीत 'मुळी' लावून बघा. "मी हुशार आहेच मुळी! पाऊस खालून वर पडतोच मुळी!" 1971 च्या मालिकेच्या सुरुवातीच्या गाण्यात सूर्य पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो. बाबा बोलत असतील तर तो तसा उगवतोच मुळी.

तरी ते शेवटचं वाक्य अडलं. तीन तास त्यावर गेले, सलग तीन आठवडे, दर शनिवारी एक. कुणी "हे असं ठीक आहे" म्हणालं. ते फायलीवरच्या शेऱ्यासारखं झालं. "असू दे" मध्ये हार मानल्याचा सूर येतो. कोल्हापूरची मुलगी म्हणाली, "चालतंय की!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही मोह झाला. पण त्यात चालवून घेणं आहे, आणि बाबा काहीही चालवून घेत नाहीत. जे झालं ते उत्तमच झालं, अशी ते दवंडी पिटतात. मागच्या बाकावर बार्शीकडचा एक मुलगा बसायचा. वर्गात फारसं बोलायचा नाही, आपल्या बोलीची त्याला लाज वाटायची. तो हळूच म्हणाला, "मॅडम, हे बेस झालं."

मी खडू ठेवला. हे बेस झालं! त्याचे वडील म्हणे असंच म्हणत. वीज गेली, बेस झालं. पाहुणे आले, बेस झालं. त्या मुलाने नंतर जपानीची वरची परीक्षा दिली आणि आज तो नागोयाला नोकरी करतो. पण त्या दिवशी पहिल्यांदा तो आपल्या गावच्या आवाजात वर्गात बोलला, हे मला त्याच्या नोकरीपेक्षा मोठं वाटतं.

हे वाक्य हलकं नाही, कारण ते लिहिणाऱ्याचं आयुष्य हलकं गेलेलं नाही. आकात्सुकांचा जन्म 1935 चा, तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या मांचुरियातला. युद्ध संपल्यावर वडिलांना सोव्हिएत सैन्याने सायबेरियाला नेलं. आई मुलांना घेऊन कशीबशी जपानला परतली. परतल्यावर थोड्याच दिवसांत धाकटी बहीण गेली. पुढे त्यांनी नीगाताला पाट्या रंगवायच्या दुकानात काम केलं, मग टोकियोच्या एदोगावा भागातल्या रसायनांच्या कारखान्यात. त्याच एदोगावातल्या निशी-कासाइला आज शेकडो भारतीय कुटुंबं राहतात. माझी मुलगी त्यांतलीच एक.

तिच्याकडे गेले होते तेव्हा मी तोकिवा-सो बघायला गेले. इकेबुकुरोहून एक स्टेशन पुढे शिइनामाचीला उतरून चालत. तरुण चित्रकथाकार राहायचे ते हे लाकडी दुमजली भाड्याचं घर. तेझुका ओसामु तिथे राहिले, डोराएमॉन काढणारे फुजिको तिथे राहिले, इशिनोमोरि राहिले, आणि 1956 पासून आकात्सुका. मूळ घर 1982 मध्ये पाडलं. तोशिमा वॉर्डाने 2020 मध्ये ते हुबेहूब उभारून त्याचं संग्रहालय केलं. जिना चढताना करकरतो, मुद्दाम तसा बांधला आहे. साडेचार तातामीची, म्हणजे साडेचार जपानी चटयांएवढी खोली म्हणजे एक गादी, एक बैठं टेबल आणि माणूस, संपलं. सामाईक स्वयंपाकघरातल्या सिंकसमोर मी बराच वेळ उभी होते. आंघोळीच्या सार्वजनिक हमामाला पैसे नसले की आकात्सुका याच सिंकमध्ये अंग धूत असं सांगतात. या पोरांना कुणी संस्कारांचे धडे दिले नव्हते. एकाचं काम अडलं तर दुसरा शाई भरून द्यायचा. आकात्सुका हा धंदाच सोडायला निघाले तेव्हा तेरादा हिरोओ या थोरल्या सोबत्याने पैसे देऊन त्यांना थांबवलं. तेरादांनी तसं केलं नसतं तर बाकाबोन झालाच नसता.

यश मिळाल्यावरही हा माणूस एका जागी बसला नाही. बाकाबोनचा एक भाग त्यांनी डाव्या हाताने काढला. एका भागात चेहरे खऱ्या माणसाच्या चेहऱ्याएवढे काढले, त्यामुळे दोन पानांत एकच चित्र मावलं आणि बिचारी गोष्ट पुढे सरकेना. 1974 मध्ये तर इतकं नाव कमावलेलं असताना काही महिने 'यामादा इचिरो' या अगदी चारचौघांसारख्या नावाने काम छापलं. 2008 च्या ऑगस्टमध्ये ते गेले, तेव्हा तामोरि या विनोदी कलावंताने निरोपाचं भाषण केलं. आकात्सुकांनीच त्यांना पुढे आणलं होतं. तामोरि म्हणाले, मीही तुमच्या अनेक कृतींपैकी एक आहे. जे घडतं ते जसंच्या तसं आपलंसं करणं, हाच त्या "कोरे दे इइ नो दा"चा अर्थ, असंही त्यांनी सांगितलं. हातातल्या कागदाकडे बघत ते सात-आठ मिनिटं बोलले. तो कागद कोरा होता.

पडद्यावरच्या मालिकांबद्दल थोडं. बाकाबोनची पहिली मालिका 1971 ची. तिच्यात बाबांना झाडं छाटण्याचं काम दिलं, कारण बिनकामाचा बाप दूरदर्शनवर कसा दाखवायचा असा प्रश्न पडला. मूळ कथेत बाबा काहीच काम करत नाहीत. म्हणजे आज आपल्याकडे पालक जे म्हणतात ते तेव्हा तिकडेही म्हटलं गेलं! 1975 ची दुसरी मालिका मूळ चित्रांच्या पुष्कळ जवळ आहे आणि मला तीच सगळ्यात आवडते. पुढे 1990, 1999 आणि 2018 मध्येही बाकाबोन परत आला. ओसोमात्सु 1966 आणि 1988 मध्ये आला, आणि मग आकात्सुकांच्या जन्माला 80 वर्षं झाली त्या 2015 मध्ये 'ओसोमात्सु-सान' नावाने: सहाही भाऊ मोठे झालेले, बेकार, आईवडिलांच्या घरात लोळत पडलेले. माझे हल्लीचे विद्यार्थी याच दाराने आत येतात. मालिका चटपटीत आहे, पण तिच्यात प्रत्येक भावाला वेगळा स्वभाव आणि वेगळा रंग दिला आहे. मूळ गंमत ही होती की सहांतला कोणता कोण हे कुणालाच कळत नाही. ती गेली याची मला रुखरुख आहे. मुलांना मी हे सांगते, ती वाद घालतात, आणि तो वाद अर्धा जपानीत होतो.

सहा वर्षांपूर्वी मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी बाकाबोनच्या 40 पानांचं थेट जपानीतून मराठी केलं. नमुना म्हणून एका प्रकाशकांकडे नेला. जपानी प्रकाशकांची रीतसर परवानगी पुढे घ्यावीच लागणार होती. दोन महिन्यांनी पानं परत आली. सोबतच्या चिठ्ठीत होतं, वडिलांना खुळा दाखवणारं पुस्तक पालक विकत घेणार नाहीत. मला फार वाईट वाटलं. चिमणराव आणि गुंड्याभाऊंवर पिढ्यान् पिढ्या हसलेल्या भाषेत हे म्हटलं जावं? चिमणराव घरचे कर्तेच होते ना? त्यांच्यावर हसून कुणी आपल्या बापाचा मान कमी केला? घरातल्या मोठ्या माणसावर मुलाला हसता आलं आणि तरी रात्री त्याच्याच कुशीत झोपता आलं, तर ते घर धड आहे असं मी मानते. बाकाबोन बाबांवर कधी रागवत नाही. हाजिमे एवढा बुद्धिमान, पण बाबांना कधी कमी लेखत नाही. आणि आई सगळं बघून घरातलं कुणालाही हाकलत नाही.

म्हणून पत्रलेखकांना माझी विनंती आहे की बंदी मागण्याआधी आपल्या भाषेत मागा. वाहिन्यांना लिहा की जपानी ऐकून मराठी करणारी माणसं घ्या; पुण्यात जपानी शिकलेली मुलं हजारांनी आहेत आणि त्यांतल्या कित्येकांना कारखान्याच्या कागदपत्रांपलीकडे भाषांतराचं काम मिळत नाही. आणि संपादक महोदय, आपल्याला विनंती ही की बालपुरवणीत आठवड्याला चार चौकटींची जागा द्या. बाकाबोनची परवानगी मिळेपर्यंत ओसोमात्सु, बाकाबोन, त्यांचे कर्ते आणि त्यांची भाषा यांची ओळख करून देणारा मजकूर मी विनामोबदला लिहून देईन. परवानगीसाठी जपानीत जो पत्रव्यवहार करावा लागेल तोही मी करेन.

आमची 40 पानं अजून कपाटात आहेत. हवी तेव्हा आपल्या कार्यालयात आणून देते. मुद्रितशोधकांना एवढंच सांगून ठेवावं की "बेस झालं" हे प्रमाणभाषेत बसवायला जाऊ नये, तो शब्द त्या मुलाचा आहे आणि आहे तसाच छापायचा.

आपली,
एक निवृत्त जपानी शिक्षिका,
सिंहगड रस्ता, पुणे